डोकंच तर दुखतंय!

सकाळी साडेआठच्या सुमारास स्वारगेटच्या एस.टी. स्टँडवर उभं राहिलं, की सातारा-सांगलीकडच्या गाड्यांतून उतरणारी काही माणसं चटकन ओळखू येतात. हातात जाडजूड फाइल, तोंडाला मास्क, आणि सकाळची गोळी अजून खिशातच. कारण आधी रक्त तपासायला द्यायचं असतं. आमचे बँकेतले एक जुने सहकारी त्यांतलेच. धाकट्या बहिणीनं दिलेल्या मूत्रपिंडावर ते सहा वर्षं ठणठणीत होते.

२०२३ च्या पावसाळ्यात मात्र ते गाडीची पायरी चाचपडतच उतरले.

"दोन दिवस डोकं ठणकतंय हो. डोळ्यांपुढं अंधारीही येते."

"प्रवासाचा शीण. आधी चहा घ्या," मी म्हणालो. उभा जन्म दुसऱ्यांच्या सह्या पारखण्यात गेला, पण समोरचा चेहरा काही वाचता आला नाही. चहा अर्धा व्हायच्या आत त्यांच्या हातातून कप निसटला.

रुग्णालयात रक्तदाब भरला २१० वर १२०. मेंदूच्या मागच्या भागात सूज होती आणि तिथंच थोडा रक्तस्रावही झाला होता.

दुसऱ्याचा अवयव शरीर परका समजतं आणि त्याच्यावर चालून जातं. म्हणून शरीराच्या रखवालदाराला कायम गुंगीत ठेवावं लागतं. टॅक्रोलिमस हे असंच एक औषध, १९८४ साली जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूत सापडलेलं. जीव वाचवणारं, पण रक्तवाहिन्या आवळणारं आणि रक्तदाब चढवणारंही. मग मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशा पंधरा रुग्णांची हकिकत आली होती. त्यांतले बरेच जण असलीच औषधं घेत होते. वेळीच रक्तदाब उतरवला आणि औषध बदललं, तर ही सूज बहुधा ओसरते. काहींना मात्र रक्तस्राव होतो. (याच जातीच्या काही गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट कमी करतात. प्रतिकारशक्ती दबल्यामुळं बुरशीचा संसर्ग झाला, तर ती रक्तवाहिनीची भिंतच पोखरते.)

पण सहा वर्षं सोसलेली गोळी आताच का उलटली? आठवडाभर आधी त्यांनी खोकल्यासाठी गावात क्लॅरिथ्रोमायसिन घेतलं होतं. त्यामुळं टॅक्रोलिमसचा शरीरातला निचरा मंदावतो आणि रक्तातलं प्रमाण चढत जातं. मूत्रपिंडाचं त्यांनी त्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. खोकल्याला कसलं आलंय सांगणं!

"त्या गोळ्या बंदच करा. मूत्रपिंड गेलं तर गेलं, दादा राहू दे," बहीण रडत म्हणाली. पण गोळ्या एकदम सोडल्या, तर शरीर ते मूत्रपिंड नाकारणार. डॉक्टरांनी रक्तदाब बेताबेतानं उतरवला, एक औषध काढून दुसरं दिलं, आणि दोन्ही राखलं.

घरात असा कुणी असेल, तर त्याचं अचानक उठलेलं डोकं, अंधुक दिसणं, बरळणं, आकडी यांना घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि गोळी मनानं बंद करू नका.

त्यांना डाव्या बाजूचं अजूनही नीट दिसत नाही. गाडीची पाटी आता बहीणच वाचते. उतरल्यावर ते बाकावर बसतात, पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढून दंडाला पट्टा बांधतात. आकडा बघितल्याशिवाय मला चहाचं नाव काढू देत नाहीत.