घुमटाचे कातडे आणि पट्ट्याची शिवण

कातडे हा शब्द उच्चारला की आपल्या सीमाभागातील माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम चप्पल उभी राहते. कोल्हापूर, निपाणी, अथणी ही नावे त्या वस्तूशी इतकी जोडली गेली आहेत की कातड्याचा आणखी काही उपयोग असेल हे चटकन ध्यानात येत नाही. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की मात्र चित्र बदलते. माझे आजोळ डिचोली तालुक्यात आणि मावशीचे घर पेडण्यात. तेथे श्रावण लागला की तरुण मुलांच्या बोलण्यात कातडे येते ते घुमटाचे.

ज्यांनी घुमट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असलेले मातीचे मडके. एक तोंड मोठे, दुसरे लहान. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बांधतात, लहान तोंड मोकळे ठेवतात. एका हाताने कातड्यावर थाप मारायची आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने मोकळे तोंड कमीअधिक झाकायचे, म्हणजे आवाज खालीवर होतो. चवथीच्या आरत्या घुमट, शामेळ आणि कांसाळे यांच्या साथीवर चालतात, आणि त्या बहुतेक मराठीच असतात.

पूर्वी हे कातडे घोरपडीचे असे. पातळ आणि चिवट म्हणून त्याची ख्याती. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना कर्नाटक संगीतातील कंजिरा ठाऊक असेल, त्यालाही हेच कातडे लागे. परंतु वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचे नाव आहे. तिला मारणे तर सोडाच, तिच्या कातड्याचा व्यापार करणे हाही गुन्हा आहे आणि त्याला ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. पुढे २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. वाद्याला मान मिळाला, त्याच्या जुन्या कातड्याला मात्र मनाई कायम राहिली. उरला पर्याय बकऱ्याच्या कातड्याचा.

जुने वादक म्हणतात, बकऱ्याच्या कातड्याला तो नाद नाही. त्यात तथ्य आहे, पण मला वाटते अर्धेच. घुमटाचा जो खोल ‘घुम्’ आवाज आहे तो मुख्यतः मडक्यातील हवेचा आहे. मोकळे तोंड हाताने झाकत नेले की तो स्वर खाली उतरतो आणि हात काढला की वर चढतो. कातडे तेच, ताण तोच, तरी स्वर बदलतो. कातड्याचे काम थापेचा कडकपणा देण्याचे. तो बकऱ्याच्या कातड्यातून आणता येतो, मात्र कातडे निवडण्यापासून वाळवण्यापर्यंत हात शिकलेला पाहिजे. ही विद्या आता पेडणे-डिचोलीकडे हौशी मुले एकमेकांना विचारून शिकत आहेत. माझ्या मावसभावाच्या सोप्यावर संध्याकाळी आठदहा जण जमतात. कोणी कॉलेजात जातो, कोणी औषधांच्या कारखान्यात, एकाची टॅक्सी आहे. मोबाईलवर चामडेकामाचे व्हिडिओ भरपूर सापडतात, पण ते करणाऱ्या लोकांना आमच्या आषाढ-श्रावणाची कल्पना नसते!

येथे एक मूलभूत गोष्ट समजून घेतली पाहिजे. कच्चे कातडे आणि कमावलेले चामडे या दोन निराळ्या वस्तू आहेत. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवले की त्यातील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंना धरून बसते. मग ते सडत नाही आणि वाळताना फारसे आक्रसत नाही. कोल्हापुरी चपलेला हेच हवे. घुमटाला याच्या नेमके उलटे हवे. कच्चे कातडे ओले असताना ताणून बांधले की वाळताना ते स्वतःच आक्रसते आणि घट्ट होते. कमावलेले चामडे घुमटावर चढवले तर ते उशीसारखे वाजेल.

कातडे कोवळ्या बकऱ्याचे घ्यावे, हे पहिले मत, आणि त्यावर कोणाचा वाद नाही. खाटकाकडून ताजे मिळाले तर उत्तम. त्याच दिवशी काम होणार नसेल तर मांसाच्या बाजूने मीठ चोळून ठेवावे. केस काढण्यासाठी चुना कालवलेल्या पाण्यात ते काही दिवस भिजत घालतात आणि नंतर बोथट पात्याने खरवडतात. चुना हातांना आणि डोळ्यांना वाईट, म्हणून रबरी मोजे घालावेत. फार दिवस चुन्यात राहिले तर कातड्याचा जोर जातो. ज्यांना हा व्याप नको त्यांनी तबला-ढोलकी मढवणाऱ्या कारागिराकडून वाळलेले कोरे कातडे घ्यावे आणि साध्या पाण्यात भिजवावे. तुकडा कापताना पाठीच्या कण्याची रेषा बरोबर मधोमध यावी. कण्याजवळ कातडे जाड असते आणि पोटाकडे पातळ व ढिले. रेषा एका बाजूला गेली तर ताण वाकडा बसतो.

मडक्याची कड काचपेपरने गुळगुळीत करून घ्यावी, नाहीतर वाळताना कातडे त्याच धारेवर फाटते. कडेखालच्या खाचेत दोरीचे पाचसहा वेढे घट्ट घालायचे आणि मग पकडीने कातडे ओढायचे. एकदा उत्तरेला ओढले की पुढची ओढ दक्षिणेला, मग पूर्व-पश्चिम. मोटारीच्या चाकाचे नट समोरासमोर आवळतात, तीच रीत. वाळवणे सावलीत आणि सावकाश. उन्हात ठेवले तर मधला भाग आधी वाळतो, कडा मागे राहतात आणि ताण बिघडतो.

दोरीबरोबर फेव्हिकॉल लावावा की नाही, यावर मावसभावाच्या सोप्यावर रोज खडाजंगी होते. माझे मत दोरीच्या बाजूने आहे. चवथ पावसात येते. दमट हवेत कातडे ढिले पडते, ते निखाऱ्यांपासून हातभर दूर धरून शेकावे लागते आणि एकदोन वर्षांनी बदलावेही लागते. दोरी सोडता येते. डिंकाने चिकटलेले कातडे काढताना कड उडाली तर मडकेच गेले. डिचोली मातीकामासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध असली तरी सुबक घुमट घडवणारे कुंभार आता सहज भेटत नाहीत. तेव्हा कातड्यापेक्षा मडके जपावे. ठेवताना सुती पिशवीत ठेवावे. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

आता पट्ट्याकडे वळू. उभ्याने वाजवायचे तर घुमट गळ्यात अडकवावे लागते. सुताची दोरी मानेला काचते, म्हणून मुलांनी चामड्याचे पट्टे करायला घेतले. हे काम कमावलेल्या चामड्याचे, आणि येथेच शिलाई मशीनचा प्रश्न उपस्थित झाला. प्रत्येकाच्या घरी आईची किंवा आजीची मशीन असतेच. तिच्यावर चामडे शिवता येईल का?

पातळ मऊ चामड्याचे दोन थर शिवता येतात, पण पट्ट्याचे जाड चामडे नाही. पुष्कळांना वाटते की मशीनची ताकद कमी पडते. खरी अडचण निराळी आहे. कापड खालच्या दात्यांवर पुढे सरकते आणि वरचा पोलादी पाय त्यावरून घसरतो. चामडे त्या पायाला चिकटते, पुढे सरकत नाही आणि टाके एकाच जागी गोळा होतात. शिवाय चामड्याला पडलेले भोक कापडासारखे मिटत नाही. बारीक टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटांच्या कागदासारखी ओळ होते आणि तेथूनच पट्टा तुटतो. म्हणून टाका लांब ठेवावा, सुई चामड्याची, म्हणजे टोकाला धार असलेली, सोळा किंवा अठरा नंबरची घ्यावी आणि दोरा पॉलिएस्टरचा वापरावा. झाडपाल्याने कमावलेल्या चामड्यात सुती दोरा कुजतो.

जाड कामासाठी चपला-बॅगा दुरुस्त करणाऱ्यांकडे पॅचर असते. तिचा पाय चारी दिशांना फिरतो, म्हणून वस्तू न फिरवता शिवण वळवता येते. तथापि कोणतीही मशीन वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवते. एलियस होवे याने १८४६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेला तो हाच टाका. त्यातला एक दोरा झिजून तुटला की शिवण उसवत जाते. हातशिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जातात. एक फेर तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. भार सोसणाऱ्या पट्ट्याला हीच शिवण योग्य.

मी हिशेबाचा विद्यार्थी, म्हणून हिशेब मांडला. ४० इंची पट्टा, दोन्ही कडांना शिवण, इंचाला चार टाके. म्हणजे ३२० भोके आणि प्रत्येक भोकातून दोनदा सुई. दोरा शिवणीच्या चौपट लागतो, सुमारे ८ मीटर, आणि तो मेण लावून तुकड्यातुकड्यांनी घ्यावा लागतो. भोकांसाठी आरी, कापण्यासाठी रापी, खुणांसाठी जेवणाचा काटा. पहिल्या पट्ट्याला मावसभावाच्या तीन संध्याकाळी गेल्या. खर्चाच्या वहीत त्याने चामडे आणि दोरा लिहिले. मजुरीचा रकाना कोरा ठेवला, कारण ती हौस होती.

हा कोरा रकाना मला बोचतो. आरी कशी धरावी हे मुलांना शिकवले ते डिचोलीच्या बाजारातील एका वृद्ध चर्मकार काकांनी. ज्या कामामुळे त्यांच्या वाडवडिलांना देवळाच्या पायरीपासून दूर ठेवले गेले, तेच काम आज देवळात आरती म्हणणारी मुले छंद म्हणून करतात. मुले करतात ते चांगलेच आहे. परंतु चपलेचा अंगठा शिवण्याचे दोन पैसे जास्त मागितले की त्याच काकांशी घासाघीस करणारी माणसेही आपल्यातलीच.

काकांची पॅचर आता विकायची आहे. त्यांच्या मुलाला कारखान्यात नोकरी आहे, या धंद्यात तो येणार नाही. मुलांनी वर्गणी काढून ती घ्यायचे ठरवले आणि माझा सल्ला विचारला. मी सांगितले की किंमत रास्त आहे, पण मशीन बिघडली तर दुरुस्त कोण करणार तेवढे आधी पाहा. काकांनी स्वतःच अट घातली आहे. बुधवारच्या बाजाराला दोघांनी त्यांच्याजवळ येऊन बसायचे आणि ते म्हणतील तेव्हाच मशीन न्यायची. शिकवणीचे पैसे घ्यायला ते तयार नव्हते, मावसभावाने आग्रह करून ते ठरवून घेतले आहेत. बॉबीन भरणे आणि शटल पुसून तेल घालणे दोघांना आता येते. पाय वळवून गोल शिवण घेणे अजून जमायचे आहे.