खांदेरी : मुंबई बंदराच्या तोंडावरचा किल्ला

मुंबई बंदरातून दक्षिणेला निघालं की थळच्या किनाऱ्यासमोर दोन बेटं दिसतात. अलीकडे उंदेरी, पलीकडे खांदेरी. दोन टेकड्या, मधली सखल जागा आणि भोवतीचा तट, एवढाच खांदेरीचा पसारा. पण बंदरात शिरणारं प्रत्येक शीड इथून नजरेच्या टप्प्यात येतं. म्हणूनच या एवढ्याशा खडकासाठी मराठे, इंग्रज आणि सिद्दी हट्टाला पेटले.

जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपलं आरमार मुंबईच्या आसऱ्याला आणून ठेवी आणि समोरच्या मराठी मुलखात लूटमार करी. त्याला आवरायचं तर बंदराचं तोंड हाती हवं, हे शिवाजी महाराजांनी ओळखलं होतं. १६७२ मधला खांदेरीवर किल्ला बांधण्याचा प्रयत्न अर्धवट राहिला. १६७९ च्या ऑगस्टमध्ये मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले आणि तटाचं काम सुरू झालं. बेट आमचं आहे, निघून जा, असा इंग्रजांचा निरोप आला. महाराजांच्या हुकमाशिवाय हलणार नाही, असं मायनाकांनी कळवलं.

सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा इंग्रज अधिकारी फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. मग इंग्रजांनी नाकेबंदी केली. पण त्यांची जड जहाजं वाऱ्याच्या भरवशावर चालणारी; वारा पडला की जागच्या जागी. उथळ बुडाच्या मराठी होड्या मात्र रात्री वल्ह्यांवर निघत, जहाजांना चुकवून बेटावर रसद पोचवत आणि उजाडायच्या आत परतत. तट चढतच राहिला. ऑक्टोबरात मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार इंग्रजांवर चालून गेलं. इंग्रजांचं ‘रिव्हेंज’ जहाज टिकून लढलं, पण ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती पडलं. पुढे इंग्रजांच्या मदतीला सिद्दीही आला आणि १६८० च्या जानेवारीत त्याने उंदेरी बळकावली. खांदेरी मात्र हलली नाही. अखेर इंग्रजांनी जहाजं मागे घेऊन तह केला. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून याने पुन्हा चढाई केली. कान्होजी आंग्र्यांच्या काळातल्या खांदेरीने तीही परतवली.

आज टेकडीवर १८६७ सालचं दीपगृह उभं आहे. लोखंडी गाड्यांवरच्या तोफा अजून शाबूत आहेत. कोळ्यांचा वेताळ इथे नांदतो, आणि दगडाने ठोकला की धातूसारखा खणखणणारा एक धोंडाही आहे. तटाबाहेर मुद्दाम टाकलेले सुटे दगड पाहायला हवेत. ते लाटांचा मारा तटापर्यंत पोचू देत नाहीत, आणि त्यांवर वाढलेल्या धारदार कालवांमुळे अनवाणी चढून येणंही अवघड होतं. समुद्राला अडवताना शत्रूलाही अडवणारी ही रचना किनाऱ्याच्या जाणकारांनाच सुचावी.

२०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून खांदेरीला जागतिक वारशाचा मान मिळाला. आता पाहायला येणाऱ्यांची संख्या वाढेल. त्यांना तट आणि तोफा दाखवताना भरती-ओहोटीची वेळ साधून रात्री होड्या हाकणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांबद्दलही सांगितलं पाहिजे. त्यांच्या वल्ह्यांशिवाय हा तट उभाच राहिला नसता.