द्राक्षावरचा केवडा आणि भुरी

आपला धाराशिव जिल्हा कमी पावसाचा. पण इथल्या द्राक्षबागाईतदाराची झोप उडते ती पावसानेच! ऑक्टोबरात फळछाटणी झाली, कोवळी फूट निघाली, आणि त्याच सुमारास परतीचा पाऊस आला की केवडा, म्हणजे आपला डावण्या, हजर.

केवड्याला ओले पान लागते. वरून तेलकट पिवळे डाग दिसतात; पान उलटून पाहावे तो खाली पांढरी लव. फुलोऱ्यातले घड वाळतात. वाचलेल्या घडांचेही खरे नाही, कारण पाने गळाली तर साखर करायची कुणी? मणी आंबट राहतात.

भुरीची तऱ्हा निराळी. तिला पानावर पाणी नको. ढगाळ, थंड हवा पुरते. पानामण्यांवर जणू राख फासलेली! कोवळ्या मण्याची साल मरून वाढ थांबते, आतला गर मात्र वाढतच राहतो. मग मणी तडकतो. तो कोणत्याही औषधाने सांधत नाही, म्हणून फवारणी आधीच हवी.

केवड्यावर बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये चोरांना भिवविण्यासाठी वाटेकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत; त्या वेली निरोगी राहिलेल्या पाहून मिलार्डे यांनी 1885 साली हा उपाय प्रसिद्ध केला. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात दोन्ही एकेक किलो. लोखंडी पाते बुडवून पाहावे; तांबूस झाले तर चुना वाढवावा. भुरीवर गंधक, पण भर उन्हात मारले तर पाने करपतात, आणि उशिरा मारले तर घडावर डाग राहतात.