सडक्या वांग्यातला विषाणू

अवयव बदलण्याची शस्त्रक्रिया पार पडली, तरी खरी कसोटी त्यानंतरच लागते. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून रुग्णाला टॅक्रोलिमससारखी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. ती त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. मग जंतू शिरला, की सारी भिस्त प्रतिजैविकांवर. आणि जंतू त्यांनाही पुरून उरला तर?

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या पंधरा वर्षांच्या मुलीवर ही वेळ आली. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारामुळे २०१७मध्ये तिची दोन्ही फुप्फुसं बदलली. पण क्षयाच्या जंतूचा चिवट भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस, अंगात आधीच मुरला होता. शस्त्रक्रियेची जखम चिघळली, संसर्ग यकृतात पोचला, कातडीवर गाठी उठल्या. एकही औषध लागू पडेना.

डॉक्टरांनी पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ग्रॅहम हॅटफुल यांना गाठलं. जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फेज, त्यांच्याकडे हजारोंनी साठवलेले आहेत. बरेचसे विद्यार्थ्यांनी माती उकरून शोधलेले. त्यातला ‘मडी’ हा फेज दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये सडक्या वांग्यात सापडला होता! फेज मोठा चोखंदळ असतो. जिवाणूचा एक वाण मारेल, त्याच जातीच्या दुसऱ्याला शिवणारही नाही. एवढ्या साठ्यातून या मुलीच्या जंतूसाठी तीनच निघाले. त्यातले दोन जिवाणूत शिरून नुसतेच दडून बसत. त्यांना दडवून ठेवणारं जनुक काढून टाकलं, तेव्हा ते मारक झाले. जून २०१८पासून दिवसातून दोनदा, दर वेळी सुमारे शंभर कोटी फेज तिच्या शिरेतून दिले. सहा आठवड्यांत यकृतातला संसर्ग स्कॅनवर जवळपास दिसेनासा झाला. जखमही भरत आली.

याच रुग्णालयातल्या आणखी एका रुग्णासाठी शोध चालला होता. योग्य फेज हाती येण्याआधीच तो दगावला. हे विसरून या उपचाराचे गोडवे गाणं मला पटत नाही. प्रत्येक रुग्णाचा जंतू वेगळा, म्हणून प्रत्येकासाठी शोध नव्याने. २०२३मध्ये हॅटफुल आणि सहकाऱ्यांनी अशा हट्टी मायकोबॅक्टेरियाच्या वीस रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातल्या अकरा जणांना गुण आला. फेज हा आज तरी सगळे उपाय थकल्यावरचा प्रयत्न आहे. प्रत्यारोपण झालेल्यांचा रोजचा आधार प्रतिजैविकंच आहेत. गरज नसताना ती घेतली, की जंतू त्यांना पुरून उरायला शिकतात. म्हणून साध्या सर्दीसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून, ती दुकानातून आणू नका.