ओरेगॅनोऐवजी ओव्याचं पान

ओरेगॅनो वाळल्यावरच रंगात येतो, हे मागच्या भागात वाचून एका वाचक भगिनींनी विचारलंय: "आमच्या कुंडीत ओव्याचं पान माजलंय. चुरगळलं की थेट पिझ्झ्याबरोबर येणाऱ्या पुडीचा वास येतो. तेच वापरलं तर?" इतक्या नेमक्या प्रश्नाची दोन ओळींत बोळवण करणं जिवावर येतं.

वास सारखा येतो तो उगीच नाही. ओरेगॅनोचा झणका मुख्यतः कार्व्हॅक्रॉल आणि थायमॉल या दोन द्रव्यांचा. ओव्याच्या पानातही हीच जोडी असते, आणि मिसळणाच्या डब्याशेजारच्या ओव्यात तर थायमॉल भरपूर. ओरेगॅनो आणि ओव्याचं पान तुळस-पुदिन्याच्या कुळातले, दाण्यांचा ओवा मात्र जिरं-धण्यांच्या. कुळं वेगळी, पण नाकाला नातं कळतं.

फरक पानाच्या बांध्यात आहे. ओरेगॅनोचं ताजं पान भिंगाखाली धरलं तर बारीक चमकदार ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान पातळ, त्यात पाणी बेताचं. सावलीत वाळलं की पाणी निघून जातं आणि तेल बरंचसं जागेवरच राहतं. कार्व्हॅक्रॉलचा उत्कलनबिंदू २३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, ते सहजासहजी उडत नाही. ओव्याचं पान जाडजूड, रसानं भरलेलं. ते वाळायला दिवसच्या दिवस घेतं.

सिसिलीत आणि कॅलाब्रियात ओरेगॅनो फुलांसकट कापतात आणि जुड्या बांधून सावलीत टांगतात. बाजारातही अख्खी वाळकी जुडी मिळते. ती टोमॅटोच्या फोडींवर धरायची आणि तळहातांत चोळायची. करडी-हिरवी पानं, फुलांचे कण भुरभुर खाली पडतात, काड्या हातात राहतात. बाटलीतल्या चुऱ्यात हा वास निम्म्यानंही उरत नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी जुडीच आणावी.

इटलीत सगळीकडे ओरेगॅनोच भुरभुरतात, ही समजूत मात्र 'इटालियन' म्हणून विकल्या जाणाऱ्या वाळक्या पानांच्या मिश्रणाच्या बाटल्यांनी करून दिलेली आहे. टस्कनीच्या स्वयंपाकात सेज आणि रोजमेरीचं राज्य. लिगुरियात मार्जोरम, म्हणजे आपला वेणीतला मरवा. ओरेगॅनोचा जवळचा भाऊबंद, पण कार्व्हॅक्रॉलचा तिखटपणा त्यात नाही. दक्षिणेतही हात राखूनच. नेपल्सच्या पिझ्झा मारिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल, चीज नाहीच. त्याच गावच्या मार्गेरितावर मोझरेल्ला आणि ताजं बॅसिल. युरोपीय संघानं २०१० साली नेपल्सच्या पिझ्झ्याची पारंपरिक कृती नोंदवली, तीतही हा भेद कायम आहे. त्या बाटलीसारखी सगळी पानं एकत्र कुटून दोन्हींवर सारखीच टाकायची, हे तिथल्या कुठल्याही पिझ्झावाल्याला पटणार नाही.

तर ताई, तुमचं पान पिझ्झ्यावर नको. भट्टीत ते मऊ पडेल, पाणी सोडेल, आणि टोमॅटोवर ओव्याचा उग्रपणा चढेल. पण साल्मोरिल्यो जरूर करून बघा. सिसिलीत भाजलेल्या तलवार माशावर हे घालतात, आपल्याकडे सुरमईच्या तुकड्या चालतील. अर्धी वाटी ऑलिव्ह तेल फेटत राहायचं, त्यात एका लिंबाचा रस थोडा थोडा, मग दोन चमचे गरम पाणी. मिश्रण दाटसर, दुधाळ होतं. त्यात ठेचलेली लसणाची पाकळी, मीठ आणि ओरेगॅनोच्या जागी ओव्याचं एकच पान, अगदी बारीक चिरून. मासा तव्यावरून उतरवला की लगेच वरून ओतायचं. आधी लावून भाजलं तर लसूण करपतो.