कार्डावर नसलेला रकाना

शाळा सोडल्याचा दाखला आपण सर्वांनीच कधी ना कधी खिडकीवर सरकवलेला आहे. नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण! एवढ्यात अख्खा विद्यार्थी बसवायचा. कार्लाइलच्या शाळेची जुनी कार्डे पाहताना त्या दाखल्याची आठवण होते.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल गावी, लष्कराच्या बराकींत, रिचर्ड हेन्री प्रॅट या अधिकाऱ्याने १८७९ साली ही निवासी शाळा काढली. आपण ज्यांना 'रेड इंडियन' म्हणत आलो, त्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी. केस कापायचे, गणवेश चढवायचा, मायबोली बंद करायची आणि सुट्टीत घरी न धाडता गोऱ्या कुटुंबांकडे कामाला ठेवायचे, असा तेथील शिरस्ता. १९१८ साली शाळा बंद झाली, परंतु कागद राहिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते जतन केलेले आहेत, आणि त्याच गावच्या डिकिन्सन कॉलेजने त्यांच्या प्रती आता संगणकावर सर्वांना खुल्या केल्या आहेत.

कार्डावर इंग्रजी नाव, मूळ नाव, जमात, टोळी, वय, उंची, वजन. श्वास भरून व सोडून घेतलेले छातीचे मापसुद्धा. 'रक्त' असा एक रकाना : पूर्ण की अर्धे? आणि आईवडील : हयात की मृत?

आता या कार्डासमोर अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरचा ट्लिंगिट जमातीचा मुलगा उभा करा. हा समाज मातृवंशीय. डोमकावळा आणि गरुड असे त्याचे दोन भाग, प्रत्येकात अनेक कुळे. मूल आईच्या कुळाचे. रूढीप्रमाणे लग्न पलीकडच्या भागातच करायचे, म्हणून बाप नेहमी दुसऱ्या बाजूचा. (केरळातील नायरांची जुनी रीत ठाऊक असलेल्यांना हे चटकन उमगेल.) मासेमारीचे ओढे, कुलचिन्हे, गाणी, फार काय, माणसाचे नावदेखील कुळाच्या मालकीचे. शिवाय बाप परका असला तरी मूल आईच्या कुळात अर्धेमुर्धे ठरत नाही. म्हणजे 'तू कोण?' याचे उत्तर आईपासून सुरू व्हायचे. आणि कार्डाला तिच्याविषयी हवे होते ते इतकेच, की ती जिवंत आहे का!

टीहिटन हे असेच एक कुळ. कार्लाइलला शिकलेला आणि १९२४ साली अलास्काच्या विधिमंडळावर निवडून गेलेला वकील विल्यम पॉल याच कुळाचा. सरकारने १९५१ मध्ये कुळाच्या भूमीवरील लाकूड विकले, तेव्हा साठ-सत्तर माणसांच्या या कुळाने भरपाईसाठी थेट अमेरिकन सरकारवर दावा लावला. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. संसदेने मान्य न केलेल्या वहिवाटीची भरपाई द्यावी लागत नाही, असे ठरवून. निकाल मला तरी अन्यायाचा वाटतो.

पण निकालपत्रातील एक तपशील पाहण्यासारखा आहे. कुळाच्या साक्षीदाराने नकाशावर लाल रेघेने हद्द आखून दिली होती. ती त्याला कोठून कळली? साधारण १९०४ च्या सुमारास कार्लाइलहून परतल्यावर 'अंकल'बरोबर शिकार आणि मासेमारी करताना, असे तेथे नमूद आहे. इंग्रजीला काका आणि मामा एकच. हा मामाच असणार.