मुलांसाठी ‘एज्युकेशनल’ गेम घेताय? खोक्यावरच्या शब्दापेक्षा या ५ गोष्टी तपासा

चार वर्षांच्या मुलाच्या हातातून मोबाइल सुटत नाही, तेव्हा अनेक घरांत एक तोडगा निघतो. ‘खेळणारच आहे, तर निदान शिकवणारा गेम तरी देऊ.’ मग शोध सुरू होतो आणि समोर येतात ‘एज्युकेशनल’ लिहिलेली असंख्य उपकरणे आणि ॲप्स. पण खोक्यावर हा शब्द असला म्हणजे मूल शिकेलच, याची खात्री नसते. मग निवड कशी करायची?

१. आधी वेळ ठरवा, मग गेम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांचा बसून होणारा स्क्रीन टाइम दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा; कमी असेल तितके चांगले. टीव्ही, मोबाइल, गेम हे सगळे याच तासात मोजायचे. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सही दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन न देण्याचा सल्ला देते. म्हणजे नवा गेम येणार असेल, तर आधीच्या कार्टूनची वेळ कमी व्हायला हवी.

२. ‘३+’ म्हणजे शिकवणारा नव्हे

‘पेगी ३’सारखे रेटिंग एवढेच सांगते, की त्या वयासाठी गेममध्ये आक्षेपार्ह काही नाही. तो काही शिकवतो का, हे त्यातून कळत नाही. शैक्षणिक ॲप्सबाबत २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासलेखात कॅथी हर्श-पासेक आणि सहकाऱ्यांनी चार कसोट्या मांडल्या. मुलाला डोके चालवावे लागते का? लक्ष एका गोष्टीवर टिकते का? शिकलेले रोजच्या आयुष्याशी जुळते का? आणि कोणाशी बोलत, मिळून खेळता येते का?

सोपी परीक्षा घरीच करता येते. गेममध्ये मुद्दाम चुकीचे उत्तर द्या. नुसता ‘टूंग’ आवाज येऊन पुढचा प्रश्न येत असेल, तर मूल अंदाजाने बोट लावत राहील. कुठे चुकले हे दाखवून पुन्हा संधी मिळत असेल, तर तो गेम कामाचा.

३. वेगळे उपकरण हवेच का?

लीपफ्रॉगचे ‘लीपस्टर’ २००३मध्ये, तर व्हीटेकचे ‘व्ही.स्माइल’ २००४मध्ये आले. दोन्हींना स्वतःचीच कार्ट्रिज लागत. एकाचे दुसऱ्यात चालत नसे. आता दोन्ही बंद झाली आहेत. त्यामुळे अशी यंत्रणा, विशेषतः सेकंडहँड, घेताना तिचे नवे गेम आजही मिळतात का आणि ते कोणत्या भाषेत आहेत, हे आधी पाहा.

घरात जुना टॅब किंवा कॉम्प्युटर असेल, तर त्यावरही भागते. ‘स्क्रॅचज्युनिअर’ (५ ते ७ वर्षे), ‘खान ॲकॅडमी किड्स’ (२ ते ८ वर्षे) आणि ‘जीकॉम्प्रिस’ (२ ते १० वर्षे) मोफत आहेत, त्यांत जाहिराती नाहीत. स्क्रॅचज्युनिअरमध्ये चित्रांचे ठोकळे जोडून मूल स्वतःची गोष्ट हलती करते, त्यासाठी वाचता येण्याची गरज नाही. खान किड्समधल्या गोष्टी मात्र मराठीत नाहीत. घरात मराठी बोलणाऱ्या मुलासोबत कोणीतरी बसून त्या उलगडून सांगाव्या लागतील.

४. मुलाची माहिती कुठे जाते?

२०१५मध्ये व्हीटेकच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि लाखो मुलांची माहिती उघड झाली. २०१८मध्ये कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून ६.५ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. भारतात २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. पण पहिली काळजी आपलीच. खाते उघडताना मुलाचे पूर्ण नाव, फोटो, शाळा देऊ नका, टोपणनाव पुरते. लहान मुलांच्या गेमला लोकेशन किंवा कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत?

५. पैसे आणि सुरक्षितता

‘मोफत’ गेममध्ये पुढची लेव्हल विकत घ्यावी लागते का, ते स्वतः खेळून बघा. ॲप स्टोअरवरच्या खरेदीला पासवर्ड लावा. अँड्रॉइडवर ‘ॲप पिनिंग’ आणि आयपॅडवर ‘गाइडेड ॲक्सेस’ सुरू केले, की मूल त्या गेममधून बाहेर पडून दुसरीकडे भटकत नाही.

इलेक्ट्रॉनिक खेळणे घेत असाल, तर आयएसआय चिन्ह पाहा. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी ते १ जानेवारी २०२१पासून बंधनकारक आहे. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते ना, हेही तपासा. गोल बटण सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. तशी शंका आली, तरी थेट रुग्णालय गाठा.

शेवटची कसोटी

आठवडाभर गेम वापरून झाला, की तो बंद असताना मुलाकडे लक्ष द्या. जिन्याच्या पायऱ्या मोजतोय, दुकानाच्या पाटीवरचे अक्षर ओळखतेय, गेममधली गोष्ट आजीला सांगतेय? मग पैसे वसूल. फक्त ‘अजून पाच मिनिटं’ एवढेच ऐकू येत असेल, तर गेम बदला किंवा काही दिवस बाजूला ठेवा.